ग्रीकचा पहिला वर्ग मराठीतून भरू द्या

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. येत्या जूनपासून आमच्या सेमिनरीत पहिल्या वर्षाला ग्रीक शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. दोन सत्रं, आठवड्याला चार तास. वर्गात चौदा विद्यार्थी असतील, बहुतेक मराठी माध्यमातले. दोघांची घरची भाषा मावची आहे. पाठ्यपुस्तक इंग्रजी आणि जाडजूड आहे. आजवर असं होत आलं की दिवाळीपर्यंत निम्मी मुलं मनानं वर्ग सोडतात, परीक्षेपुरती रूपं पाठ करतात आणि पुढच्या वर्षी ग्रीकचं पुस्तक हातात धरत नाहीत. अभ्यासक्रम नव्यानं आखायची मुभा प्राचार्यांनी दिली आहे. सुरुवात कुठून करू?
– एक तरुण शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सप्रेम सलाम. अशी मुभा सहसा मिळत नाही. ती पुरती वापरा.

पाठ्यपुस्तक उघडण्याआधी एक ठरवा : मार्चअखेर तुमच्या विद्यार्थ्यानं काय करून दाखवायचं? ‘ग्रीक व्याकरणाची ओळख व्हावी’ हे उद्दिष्ट मला कधीच पटलं नाही. ओळख करून दिली म्हणून कुणी वाचायला लागत नाही. माझ्या वर्गाचं उद्दिष्ट असे ते हे : बायबलच्या नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र, पाचही अध्याय, कोश जवळ ठेवून पण भाषांतर न उघडता वाचता आलं पाहिजे. वचनं १०५ आहेत. वेगवेगळे शब्द अडीचशेच्या आत, वाक्यं लहान, आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. एक अख्खं पुस्तक आपण मुळातून वाचलं, असं ज्याला म्हणता येतं तो ग्रीक टाकत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. जोडीला मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घ्या. पत्रात कथन जवळपास नाही आणि भूतकाळाची रूपं कथनाशिवाय अंगवळणी पडत नाहीत.

हे ठरलं की काय गाळायचं तेही कळतं. इच्छार्थी रूपं अख्ख्या नव्या करारात सत्तरच्या आत आहेत आणि त्यांतली पंधरा म्हणजे ‘मे गेनोइतो’ (‘तसं न होवो’) हा एकच प्रयोग. तो एक वाक्प्रचार म्हणून सांगा, बाकीचा तक्ता दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. शब्दांचंही तसंच. नव्या करारात सुमारे १,३८,००० शब्द आहेत. वेगवेगळे मूळ शब्द मोजले तर ५,४०० च्या आसपास. पण पन्नास वेळा किंवा त्याहून जास्त आलेले शब्द फक्त ३१० ते ३२० आहेत आणि त्यांनीच मजकुराचा सुमारे चार-पंचमांश भाग भरतो. आठवड्याला बारा शब्द धरले तरी वर्षात ते पुरे होतात. त्यात योहानाच्या पत्रातले थोडे शब्द घाला, एवढं पुष्कळ झालं.

आता माझा मुख्य मुद्दा. इंग्रजी पाठ्यपुस्तक इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं असतं. त्याला विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात पहिली प्रकरणं जातात, कारण त्याच्या भाषेत नामाला लिंग नाही आणि विभक्तीही नावापुरतीच उरली आहे. तुमच्या वर्गातल्या मुलानं ‘स, ला, ते’ शाळेत घोकलेलं आहे. त्याला तीन लिंगं जन्मापासून ठाऊक आहेत. ‘अगाथोस, अगाथे, अगाथोन’ फळ्यावर लिहा आणि शेजारी ‘चांगला, चांगली, चांगलं’ लिहा. विशेषणानं नामाप्रमाणे चालायचं, हा पाठ तिथेच संपतो. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता ओळखायचा, हेही त्याला नवं नाही. ‘येतोस का?’ म्हणताना आपण ‘तू’ कुठे म्हणतो? असं असताना त्याला ग्रीककडे इंग्रजीच्या वाटेनं नेणं हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो. तो दोन परक्या भाषा एकदम शिकतो आणि ग्रीक अवघड आहे अशी समजूत करून घेतो.

पहिल्या महिन्यातच खरं वचन वाचायला द्या. ‘हो थेओस फोस एस्तिन’, १ योहान १:५. शब्दाखाली शब्द मांडा : देव, प्रकाश, आहे. क्रम थेट आपलाच. नवं आहे ते फक्त सुरुवातीचं ‘हो’, म्हणजे उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. मराठीत उपपद नाही, म्हणून त्यावर मात्र वेळ घालवा. ‘थेओस’ला उपपद आहे आणि ‘फोस’ला नाही, त्यावरून कर्ता कोण ते ठरतं, हे या चार शब्दांतच दाखवता येतं. उपपद हा नव्या करारातला सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द आहे. त्याची रूपं तोंडपाठ झाली की नामांचे निम्मे तक्ते आपोआप ओळखू येतात. एवढं एक पाठांतर मी हट्टानं करून घेत असे.

उच्चारांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पहिल्याच दिवशी हा प्रश्न येईल. आजच्या ग्रीक लोकांसारखे उच्चार करावेत, असं काही चांगले शिक्षक म्हणतात. मी नवशिक्यांना इरॅस्मसच्या पद्धतीच्या जवळचे उच्चार देते. युरोपातला विद्वान इरॅस्मस यानं ही बाजू १५२८ मध्ये मांडली. माझं कारण साधं आहे : आजच्या उच्चारात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन्हींसाठीचे ग्रीक शब्द ‘इमीस’ असेच ऐकू येतात. पत्रं वाचणाऱ्या नवख्या मुलाला हा गोंधळ कशाला? आणि इथेही मराठी मुलगा पुढे आहे. थीटा, फी, खी ही अक्षरं प्राचीन ग्रीकमध्ये महाप्राण होती, म्हणजे आपले थ, फ, ख. प आणि फ, त आणि थ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्याला कानानं पकडताना कष्ट पडतात. आपल्याकडे तो बालवाडीतच पक्का होतो. फक्त मुलं आपलं ‘फ’ इंग्रजी वळणानं दात ओठावर टेकवून म्हणत असतील तर थांबवा. पहिले दोन आठवडे अक्षरं हातानं गिरवायला लावा, मोबाईलवर नाही, आणि दर तासाची दहा मिनिटं मोठ्यानं वाचनाला ठेवा.

मराठी कुठे दगा देते, हेही आधीच सांगून ठेवते. जागा दोन आहेत आणि दोन्ही इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत. पहिली ‘ला’ची. ‘त्याने शिमोनाला पाहिलं’ आणि ‘तो शिमोनाला म्हणाला’, मराठीत दोन्हीकडे ‘शिमोनाला’. ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी द्वितीया, दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, आणि रूपं वेगळी. मुलं सगळीकडे चतुर्थी लिहितात. यासाठी वेगळा सराव तयार करा; क्रियापद सांगायचं आणि त्याला कुठली विभक्ती लागते ते विचारायचं. दुसरी जागा ‘ने’ची. आपण ‘येशूने सांगितलं’, ‘बाईने भाकरी भाजली’ म्हणतो. भूतकाळात कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माच्या मागे धावतं. ग्रीकमध्ये कर्ता भूतकाळातही प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याचंच ऐकतं. मुलं भूतकाळ आला की ‘ने’ शोधू लागतात, सापडत नाही, मग जवळच्या चतुर्थीला कर्ता करून मोकळी होतात. भूतकाळ सुरू करायच्या आदल्या दिवशी अर्धा तास मराठीचे कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग पुन्हा उजळा. तो अर्धा तास पुढचे कित्येक तास वाचवतो.

नव्या करारातली चतुर्थी एकटीच आपल्या चतुर्थी, तृतीया आणि सप्तमीचं काम करते, षष्ठी आपल्या पंचमीचंही. विभक्त्यांची नावं इंग्रजीत शिकवूच नका. प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, संबोधन. पाचच आहेत, मुलं खूष होतात.

धातुसाधितांचं प्रकरण बहुतेक पुस्तकं शेवटाकडे ढकलतात. मी ते पहिल्या सत्रातच आणायला सांगेन. नव्या करारात साडेसहा हजारांहून जास्त धातुसाधितं आहेत. ती येत नसतील तर कथेचं एक पानही पुढे सरकत नाही. आणि मराठीइतकी धातुसाधितांवर जगणारी भाषा शोधूनच काढावी लागेल. मार्कचा पहिला अध्याय उघडा. सहाव्या वचनात योहान उंटाच्या केसांचं वस्त्र ‘घातलेला’ आहे. सोळाव्यात येशू समुद्राजवळून ‘जात असताना’ शिमोनाला पाहतो. अठराव्यात ते जाळी ‘सोडून’ त्याच्यामागे जातात. घातलेला, जात असताना, सोडून : ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी धातुसाधित, काळ तीन वेगळे, आणि मराठीनं तिघांसाठी तीन वेगळे प्रत्यय तयार ठेवलेले. ‘लेला’, ‘ताना’ आणि ‘ऊन’ असे तीन रकाने करून अध्यायातली धातुसाधितं मुलांनाच वाटून द्या. सगळी या रकान्यांत नीट बसणार नाहीत. जी बसत नाहीत त्यांच्यावर वर्गात होणारी चर्चा हीच खरी शिकवणी.

‘डिपोनंट’ हा शब्द मात्र वर्गात येऊ देऊ नका. रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी, अशी ती जुनी शिकवण. अलीकडे अनेक व्याकरणकार ती सोडून देत आहेत. ‘एर्खोमाइ’ म्हणजे येतो, ‘पोरेउओमाइ’ म्हणजे जातो, ‘काथेमाइ’ म्हणजे बसलो आहे, ‘गिनोमाइ’ म्हणजे होतो. या सगळ्यांत क्रिया करणाऱ्यावरच तिचा परिणाम होतो. एवढं सांगितलं तरी मुलांना पुरतं.

परीक्षा. सेमिनरीतल्या मुलांचा पेपर काढणं वेगळ्याच कारणानं कठीण असतं : त्यांना बायबल पाठ आहे. ‘एन आर्खे एन’ एवढं दिसलं की हात ‘प्रारंभी शब्द होता’ लिहून मोकळा होतो. ग्रीक तपासली जातच नाही. म्हणून ओळखीच्या वचनाचं भाषांतर मागू नका, रूपाचं कारण विचारा. मार्क १५:२३ मध्ये ‘द्राक्षारस देत होते’ याचं क्रियापद अपूर्ण भूतकाळात आणि ‘त्याने घेतला नाही’ याचं एओरिस्टमध्ये, म्हणजे घटना अख्खी एक म्हणून सांगणाऱ्या रूपात, का, ते दोन ओळींत लिहा, असं विचारा. ‘ते देऊ पाहत होते, त्यानं घेतलाच नाही’ इथपर्यंत जो पोचतो त्याला पूर्ण गुण. दुसरं, योहानाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातली ‘आम्ही’ची रूपं द्या आणि मराठीत कुठे ‘आम्ही’ लिहाल, कुठे ‘आपण’, आणि का ते विचारा. ग्रीक हा भेद करत नाही, आपल्याला करावाच लागतो. साक्षीदार ‘आम्ही’ म्हणतो, पापाची कबुली ‘आपण’ देतो, हे मुलाला स्वतः शोधू द्या.

अनोळखी उतारा हवा असेल तर ‘दिदाखे’ घ्या. पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं हे मंडळीच्या शिस्तीचं छोटं पुस्तक. त्याचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. भाषा नव्या करारासारखीच, पण मुलांना पाठ नसलेली. पहिलंच वाक्य : ‘होदोइ दुओ एइसि, मिआ तेस झोएस काइ मिआ तू थानातू.’ वाटा दोन आहेत, एक जीवनाची आणि एक मरणाची. यातला प्रत्येक शब्द तुमच्या यादीत आहे. आणि ‘होदोस’ दिसायला पुल्लिंगी असूनही स्त्रीलिंगी आहे, हे ‘मिआ’वरून जो ओळखेल, त्याला तुम्ही ग्रीक शिकवलीत असं खुशाल समजा.

मावची बोलणाऱ्या दोघांना मराठीतून मावचीत जायला लावू नका. फळ्यावर तिसरा रकाना करा. ग्रीक वाक्य त्यांनी सरळ आपल्या भाषेत म्हणावं आणि वर्गाला समजावून सांगावं. उद्या त्यांना त्याच भाषेत उपदेश करायचा आहे.

प्रश्न : ताई, मी निवृत्त संस्कृत शिक्षक. ख्रिस्ती नाही, पण नवा करार मुळातून वाचायची फार इच्छा आहे. या वयात घरी बसून जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुम्हाला जमेल, आणि सेमिनरीतल्या कुठल्याही मुलापेक्षा लवकर. फेरो म्हणजे भरामि, दिदोमि म्हणजे ददामि, तिथेमि म्हणजे दधामि, ‘केइताइ’ म्हणजे शेते. भूतकाळात धातूच्या आधी येणारा ‘ए’ हा आपल्या ‘अभवत्’मधला ‘अ’च आहे. वर मी जे येणं-जाणं-बसणं सांगितलं ते तुम्हाला आत्मनेपद म्हणून एका क्षणात कळेल. सति सप्तमीच्या जागी ग्रीकमध्ये षष्ठी येते. मार्क १:३२ मधलं ‘संध्याकाळ झाल्यावर’ पाहा. द्विवचन या काळापर्यंत गेलेलं होतं, म्हणजे रूपं आणखी कमी. नवं असेल ते उपपद. होमरची किंवा प्लेटोची ग्रीक समोर ठेवून बिचकू नका. ही अलेक्झांडरनंतर भूमध्य समुद्राभोवती पसरलेली व्यवहारातली भाषा आहे. इजिप्तच्या वाळूत त्याच काळातली घरगुती पत्रं आणि पावत्या सापडल्या आहेत, त्यांचीही भाषा हीच.

तुमच्या वाटेनं आपल्याकडे एक फार मोठी व्यक्ती गेली आहे. पंडिता रमाबाई संस्कृत घेऊन आल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरं झालेलं होतं. ते छापून आलं १९२४ मध्ये. योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा आणि अडलात की कळवा. मी मनापासून उत्तर देईन.

प्रश्न : आमचे उपदेशक नेहमी म्हणतात, ‘मूळ ग्रीकमध्ये इथे एओरिस्ट आहे, म्हणजे ही गोष्ट एकदाच आणि कायमची घडली.’ हे बरोबर आहे का?
– एक बहीण, मिरज

उत्तर : त्या वचनाचा अर्थ तसा असू शकेल, पण एओरिस्टमुळे नव्हे. योहान २:२० मध्ये यहूदी म्हणतात, हे मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षं लागली. तिथलं ‘बांधलं’ एओरिस्टच आहे. शेहेचाळीस वर्षांचं काम एका क्षणात झालं असं कुणी म्हणणार नाही. एओरिस्ट घटनेकडे अख्खी एक म्हणून पाहतो. ती किती वेळ चालली, पुन्हा घडेल की नाही, याबद्दल तो गप्प असतो. तुमच्या उपदेशकांना हे वचन एकांतात, आदरानं दाखवा. व्यासपीठावरून ‘मूळ ग्रीक’ म्हटलं की समोरच्याला उलट विचारता येत नाही, म्हणूनच ते बोलणाऱ्यावर जास्त जबाबदारी असते.

प्रश्न : मी पाळक आहे. सेमिनरीत ग्रीकला चांगले गुण होते. आता अक्षरं वाचता येतात, बाकी गेलं. पुन्हा वर्गात बसायला सवड नाही.
– एक पाळक, जालना

उत्तर : व्याकरणाच्या पुस्तकाकडे परत जाऊ नका. तक्त्यांतून सुरुवात केलीत तर तिसऱ्या दिवशी सोडाल. येत्या रविवारच्या उताऱ्यातली तीनच वचनं सोमवारी वहीत हातानं उतरवून घ्या, दोन ओळी मोकळ्या सोडून. मंगळवारी मोठ्यानं वाचा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. बुधवारी प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. गुरुवारी कोश उघडा, त्याआधी नको. रूप ओळखून देणारं मोबाईलवरचं साधन वापरायला माझी हरकत नाही, पण आधी स्वतःचा अंदाज पेन्सिलीनं लिहा आणि मग पाहा. शुक्रवारी मराठी भाषांतर शेजारी ठेवा; जिथे तुमचं वाचन आणि छापील मराठी वेगळी निघेल तिथे खूण करा. उपदेशात ग्रीक शब्द उच्चारायची गरज नाही. पहिले काही आठवडे योहानाच्या पत्रातूनच उपदेश करता आला तर पाहा, शब्द तेच तेच येतात म्हणून भीड लवकर चेपते. वही भरली की पहिल्या पानावरचं वचन न अडखळता वाचता येतं का बघा, आणि मला लिहा.